जावईबापूंचा पंप

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, दोन आचके दिले आणि गप्प बसली.

त्याने किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. स्टार्टर गुरगुरला, पण इंजिन काही दाद देईना. मग त्याने किल्ली नुसती अर्ध्यावर ठेवली आणि मान तिरकी करून ऐकलं. गाडीच्या शेपटाकडून पंपाची टिकटिक येत होती. पंप धडधाकट असला की किल्ली दिल्यावर भराभर टिकटिकतो, पेट्रोल पुढे पोचलं की मंदावतो आणि थांबतो. हा थांबत नव्हता. तोंडात काही नसताना चघळत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा नुसता चालला होता.

"बंद पडली का?" शेजारी बसलेल्या बायकोने विचारलं. मांडीवरची पाण्याची बाटली तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"पंप ओढत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे ढकलावी लागणार."

तो खाली उतरला. जुनी व्हॅन मागच्या बाजूला सामानाने ठासून भरलेली. लोखंडी कपाट आडवं घातलेलं, त्याच्यावर गाद्या, गाद्यांवर भांड्यांची पोती. कोपऱ्यावरचा टायरवाला दुकानातून बाहेर आला. दहा मिनिटांपूर्वी याच टायरवाल्याने त्याला मिठी मारून निरोप दिला होता, डोळेही पुसले होते. निरोप घेऊन झालेल्या माणसाने लगेच परत यावं, यासारखं ओशाळवाणं दुसरं काही नसतं.

"काय जावईबापू," टायरवाला ती टिकटिक ऐकून म्हणाला, "पंपवाल्याचीच गाडी पंपापायी अडली?"

"लाव हात."

दोघांनी गाडी ढकलत दुकानासमोर आणली. बायको तेवढ्या अंतरासाठी खाली उतरली नाही. स्टिअरिंग कोणी तरी धरायला हवं होतं, ते तिने धरलं.

दुकानाच्या दारात खुर्ची टाकून मामा बसले होते. मामा म्हणजे त्याचे सासरे. मघाशी निघताना ते ज्या खुर्चीत होते त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून. गाडी परत आलेली त्यांनी पाहिली आणि काही विचारलं नाही.

सगळी गल्ली त्याला जावईबापू म्हणायची. लग्न झालं तेव्हा गमतीने म्हणायला लागली आणि मग तेच नाव पडलं. नवीन गिऱ्हाइकांना तर ते त्याचं आडनाव वाटायचं. एकदा पार्सल घेऊन आलेल्या माणसाने "जावई, बापू" असं दोनदा मोठ्याने वाचून सही मागितली होती, आणि त्याने मुकाट्याने केली होती. दुकानाच्या पाटीवर मामांचं आडनाव, त्याखाली 'पेट्रोल पंप, स्विच व डायफ्राम दुरुस्ती'. इथे पेट्रोल मिळत नाही, गाडीच्या पोटातला पेट्रोल ओढणारा पंप दुरुस्त होतो, हे येणाऱ्या निम्म्या लोकांना समजावून सांगण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तो इथे राहायला आला तो तात्पुरता. आधी तो एका बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होता. डेपो बंद झाला, त्याच सुमारास लग्न झालं. मामा म्हणाले, "दुसरं काही मिळेपर्यंत इथे बसा. माडी रिकामीच आहे." तो बसला. काम मामांनी हाताला धरून शिकवलं. पंप टिकटिकत नसेल तर स्विच बघा, टिकटिकायचं थांबत नसेल तर डायफ्राम बघा, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं सगळ्यात शेवटी ऐका. मामांनी त्याला कधी अरे-तुरे केलं नाही. शिव्यासुद्धा 'तुम्ही' म्हणूनच दिल्या. "तुम्ही गाढव आहात, जावईबापू," असं ते शांतपणे म्हणायचे आणि त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचे.

बाकी त्रास काही नव्हता, तक्रार करावी असंही काही नव्हतं. जेवायला वेळेवर मिळे. कोणी टोचून बोललं नाही. फक्त दुकान कधी उघडायचं, कोणाला परत पाठवायचं, माडीच्या खिडकीला कोणता रंग द्यायचा, हे ठरलेलं असायचं. त्याने काही सुचवलं की मामा "बघू" म्हणायचे. त्या 'बघू'त त्याचे केस पिकले.

गेल्या वर्षी मामांना झटका आला. उजवा हात निकामी झाला. पेला धरता येईना, शर्टाची बटणं लेक लावून देई. तरी ते रोज खाली येऊन दारात बसत आणि तो काम करत असताना त्याच्या हातांकडे बघत.

आणि मग पैलवानाचा फोन आला. पैलवान म्हणजे डेपोतला त्याचा जुना सोबती, अंगाने काडीसारखा, म्हणून पैलवान. तो आता दूरच्या एका गावी ट्रक कंपनीच्या वर्कशॉपचा मुख्य झाला होता. "फोरमनची जागा आहे," तो म्हणाला. "क्वार्टर मिळेल. तिसऱ्या मजल्यावर एक खोली आहे, पण स्वतःची. येतोस का?"

त्याने बायकोला सांगायच्या आधी दोन दिवस मनात वाक्यं जुळवली. तिची नाही-नाही कशी खोडून काढायची ते सगळं ठरवलं. तिने भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ या." एवढंच. जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. मामा बरोबर यायला तयार नव्हते. "मला तिसरा मजला नको आणि दुसऱ्याचं गावही नको," म्हणाले. मेव्हण्याने फोनवर कबूल केलं की पुढच्या आठवड्यात येऊन आबांना, म्हणजे मामांना, घेऊन जातो. तोवर टायरवाल्याच्या घरून डबा येणार होता. मेव्हण्याचा पुढचा आठवडा कधी येतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यावर कोणी बोललं नाही.

उद्या सकाळी हजर व्हायचं होतं.

*

त्याने जमिनीवर पोतं पसरलं आणि गाडीखाली शिरला. टाकी भरलेली होती, सकाळी त्याने स्वतः पायी जाऊन कॅनमधून पेट्रोल आणून ओतलं होतं. नळीचे सांधे चाचपले. सगळे घट्ट, कुठे ओल नाही. म्हणजे पंप बाहेरून हवा ओढत नव्हता. उरला डायफ्राम, पंपाच्या आत वरखाली होणारा रबरी पडदा. पण तो त्याने आठवड्यापूर्वीच नवा घातला होता. या जुन्या पंपाचे तयार डायफ्राम आता येत नाहीत. शेवटचा एक कपाटात जपून ठेवला होता, तो त्याने प्रवासासाठी म्हणून बसवला होता.

पंप सोडवून त्याने बाहेर टेबलावर आणला. उजेडात धरला आणि हात थांबला.

पंप बंद केला की तो एका स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकत असे, अर्धा स्क्रूवर, अर्धा पंपाच्या अंगावर. बायकोची संपत आलेली बाटली त्यासाठीच ड्रॉवरमध्ये असायची. थेंब तडकला असला तर आपल्यामागे कोणी तरी पंप उघडला, असं समजायचं. गिऱ्हाईक कितीही शपथा घेवो.

थेंब तडकला होता.

त्याने सहाही स्क्रू काढले. सगळे सारख्या ताकदीने आवळलेले. अडाण्याने उघडला असता तर एक ढिला, एक पिळवटलेला असता. हे समोरासमोरचे दोन-दोन धरून, थोडे थोडे करून, पडद्याला सुरकुती पडू न देता आवळलेले होते. आत पडदा नवाकोरा होता आणि त्याच्या कडेजवळ नखाएवढी चीर होती. फाटलेली नव्हे, कापलेली. ब्लेडने, सावकाश.

त्याने चिरेवरून नख फिरवलं.

"मीच केलं ते," दारातून मामा म्हणाले.

त्याने वळून पाहिलं. मामा रस्त्याकडे बघत होते.

"सकाळी तुम्ही पेट्रोलला गेलात तेव्हा. म्हातारा माणूस, फिरली बुद्धी. काय बोलायचं ते बोला."

मामांचा उजवा हात मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली. त्या हाताने त्यांना सकाळचा चहा बशीत ओतता आला नव्हता. गाडीखाली शिरायचं तर सोडाच, पोत्यावरून त्यांना उठवायला दोन माणसं लागली असती.

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? रागवा की."

"नाही, मामा."

मामा रस्त्याकडेच बघत म्हणाले, "तुम्ही यायच्या आधी या टेबलावर ती बसायची. शाळा सुटली की सरळ इथे. स्विचचे पॉइंट घासायची, डायफ्राम बसवायची. माझ्यापेक्षा हलका हात होता. गिऱ्हाइकं हसायची, तर हसू दे म्हणायची." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून नीट ठेवला. "मग तुम्ही आलात. एका दुकानात जावई आणि लेक, दोघं कशी बसणार? मीच तिला म्हटलं, तू आता माडी सांभाळ."

त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी दुकानात लुडबुडायची, असं बायको कधी तरी म्हणाली होती. लुडबुड हाच शब्द तिने वापरला होता. मघाशी गाडीत तिने "म्हणजे?" विचारलं, ते आता त्याला नव्याने ऐकू आलं.

*

त्याला राग आला. इतका, की बोलायला तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती वाटली. म्हणून तो कामाला लागला.

दुकानातल्या कपाटातून त्याने रबर चढवलेल्या कापडाचा तुकडा काढला. कापलेला पडदा वर ठेवून पेन्सिलीने गोल आखला, भोकांच्या खुणा केल्या. कात्रीने कापला. पंचाने भोकं पाडली. मधल्या दांड्यावर पडदा चढवला. मग तो आत फिरवत नेला, स्विचचा खटका वाजायचा थांबेपर्यंत. मग उलटा, अगदी हळूहळू, खटका पुन्हा वाजेपर्यंत. या ठिकाणी घाई चालत नाही. मन कुठेही असो, बोटांना तिथेच असावं लागतं. त्याने सहा स्क्रू लावले आणि समोरासमोरचे दोन-दोन धरून आवळत गेला. हे आपण नेमकं तिच्यासारखंच करतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो क्षणभर थांबला. एकाच मास्तरचे दोघे.

पंप गाडीखाली चढवून त्याने किल्ली दिली. भराभर टिकटिक झाली, मंदावली, थांबली. इंजिन पहिल्याच हाकेला सुरू झालं.

ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं. आता निघालं तरी अंधार पडायच्या आत पोचता आलं असतं.

बायको आतून आली. हातात तीच पाण्याची बाटली, पुन्हा भरलेली. ती दार उघडून शेजारी बसली, दार ओढून घेतलं.

"चला," ती म्हणाली.

त्याने गाडी पुढे घेतली नाही. इंजिन चालू होतं. समोरच्या काचेतून दारातली खुर्ची दिसत होती आणि मामांचं मनगट.

"तू केलंस?"

"हो."

नाही म्हणेल, रडेल, आबांचं नाव घेईल, यातलं काही तरी तो धरून चालला होता.

"का?"

ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "माहीत नाही. तुम्ही पेट्रोलला गेलात. मी आबांची बटणं लावली. त्यांनी विचारलं, उद्या कोण लावणार. चेष्टेनेच विचारलं हो. मी खाली आले, पोतं तिथेच होतं."

"तार काढून टाकायची. एका मिनिटात झालं असतं."

"तार तुम्हाला एका मिनिटात सापडली असती."

हे खरं होतं.

"मला तुम्हाला अडवायचं नव्हतं," ती म्हणाली. "एक दिवस हवा होता फक्त. आज नको, असं झालं मला."

"आणि उद्या?"

"उद्याचं काही ठरवलं नव्हतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "पण आता गाडी चालू झालीये ना. मी बसले आहे. तुम्ही घ्या पुढे. मी मागे वळूनसुद्धा बघणार नाही, खरंच सांगते. एवढी वर्षं तुम्ही माझ्या घरी काढलीत, मला दिसत नव्हतं असं समजू नका."

तिचा आवाज सरळ होता. तिने वाद घातला असता तर तो नक्की निघाला असता. शेजारी चिडलेली बायको बसवून माणूस शंभर कोस जाऊ शकतो. पण ही खरोखर आली असती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत हिने स्वयंपाक केला असता, पडदे लावले असते, आणि रोज सकाळी एका ठरावीक वेळी हिचे हात थांबले असते, आणि ते त्याला दिसलं असतं. न बघण्याची सोय आता राहिली नव्हती.

तो हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. पेट्रोल जळत होतं. मग त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं आणि गल्लीतले बाकीचे आवाज एकदम जवळ आले.

बाटली तिने पायाशी ठेवली.

*

पैलवानाला त्याने दुकानामागच्या मोरीजवळ उभं राहून फोन केला.

"निघालात का?" पैलवानाने विचारलं. "किल्ली घेऊन ठेवलीये तुझ्या खोलीची. गच्चीत पाणी येतं सकाळी, तेवढं वहिनींना सांग."

"अरे, गाडी बंद पडली."

"कशाने?"

"पंप."

पलीकडे पैलवान मोकळेपणाने हसला. "मग? तासाभराचं काम तुझं."

"डायफ्राम गेलाय. मिळत नाही आता तो."

"काय बोलतोस? डेपोत तू जुन्या ट्यूबचा डायफ्राम कापून बस चालवली होतीस. मी शेजारी उभा होतो."

त्याने मोरीचा नळ घट्ट आवळला.

"ऐक," पैलवान म्हणाला, आवाज उतरवून. "उद्या सकाळी तू दिसला नाहीस तर वरचे दुसऱ्याला बसवतील. दारात उभा आहे तो माणूस. मला काही करता येणार नाही. बसने ये. काही कर. एकटा ये आधी."

"एकटा येऊन काय करू?"

"खरं सांग, काय झालंय?"

"सांगितलं ना. पंप गेलाय."

पैलवानाच्या मागे कुठे तरी ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता, कोणी तरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"बरं," पैलवान म्हणाला. "वहिनींना नमस्कार सांग."

फोन खिशात टाकून तो मोरीवर हात धुवायला बसला. साबणाने, मग मातीने, मग पुन्हा साबणाने. नखांतला काळेपणा नेहमीसारखाच निघाला नाही.

बाहेर आला तेव्हा मामांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय ठरलं?" असं विचारायचा त्यांना हक्क नव्हता, आणि ते त्यांना कळत होतं. त्यांनी नुसती मान हलवली, कशाला ते त्यांनाच माहीत.

"सामान उतरवतो," तो म्हणाला.

"टायरवाल्याला हाक मारा. त्याची पोरं येतील."

"नको. करतो मी."

गल्लीला पुन्हा बोलवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सकाळी चौघांनी मिळून, हसत-खिदळत, सामान खाली आणलं होतं. आता त्याने एकेक पोतं खांद्यावर टाकून माडीवर नेलं. बायकोने गाद्या नेल्या. जिन्यात दोघांची गाठ पडली की एक जण भिंतीला चिकटून दुसऱ्याला वाट देई. असं करता करता गाडी रिकामी झाली. राहिलं कपाट.

"हे राहू दे खाली," ती म्हणाली. "उद्या बघू."

"आत्ताच नेऊ."

तो खालच्या बाजूला गेला, ती वरच्या. कपाट उभं केलं, तिरकं केलं, जिन्यात घातलं. पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. वळणावर वरचा कोपरा भिंतीत अडकला. त्याने ढकललं, तिने ओढलं. चुना खाली पडला, कपाट हललं नाही. मागे घ्यावं तर खालचा पाया कठड्यात रुतला होता. ना वर जाईना, ना खाली येईना.

"मामा," त्याने खाली हाक मारली, "टायरवाल्याला बोलवता का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. मामा निघाले होते. कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना वेळ लागणार होता.

तो खांदा लावून उभा राहिला. सगळं ओझं खाली, त्याच्यावर होतं. वर ती दिसत नव्हती. कपाटाच्या कडेवर तिची चार बोटं तेवढी दिसत होती, दाबून पांढरी पडलेली. जिन्यात अंधुक होतं आणि चुन्याचा वास येत होता.

"जड आहे का फार?" वरून तिने विचारलं.

"नाही."

थोडा वेळ गेला. बाहेर कोणी तरी गाडीचा हॉर्न वाजवला, दुकान उघडं आहे का म्हणून. कोणी उत्तर दिलं नाही.

"सोडू नका हं," ती म्हणाली.

त्याने पाय पायरीवर घट्ट रोवले, खांदा जरा वर सरकवून घेतला.

"नाही सोडत," तो म्हणाला.